प्रोस्टेटचा तात्पुरता स्टेंट: बसवतानाच काढायची तारीख ठरवा

लघवी तुंबली, रात्री दवाखान्यात नळी घातली, पिशवीत आठ-नऊशे मिली लघवी उतरली आणि माणूस शांत झोपला. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, दुर्बिणीचं ऑपरेशन लागणार हे दिसतंय. पण हृदयात स्टेंट बसवून जेमतेम दोन महिने झालेत, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत आणि हृदयाचे डॉक्टर त्या इतक्यात बंद करू देणार नाहीत. मग तोवर पायाला पिशवी बांधून फिरायचं का? अशा वेळी प्रोस्टेटच्या तात्पुरत्या स्टेंटचा विचार येतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसतो तो स्टेंट वेगळा. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंड ते मूत्राशय अशी लांब नळी ठेवतात, तो डीजे स्टेंट वेगळा. आपण बोलतोय तो मूत्राशयाच्या खाली, प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गात बसतो. जेमतेम काही सेंटीमीटरची ही नळी किंवा स्प्रिंग असते. डॉक्टरांशी बोलताना नुसतं "स्टेंट आहे" म्हणू नका, कुठला ते सांगा. एका घरात, एकाच माणसाला तिन्ही असू शकतात.

तो काम कसं करतो

तरुणपणी प्रोस्टेट अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते, म्हणून वाढली की मार्ग दोन्ही बाजूंनी दाबला जातो. तिच्या लगेच खाली लघवी रोखून धरणारा गोल स्नायू असतो, स्फिंक्टर. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: स्टेंटने प्रोस्टेटचा भाग पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्फिंक्टरला मोकळं सोडायचं. मार्ग उघडला की लघवी सुटते, स्फिंक्टर मोकळा असला की ती रोखता येते. पिशवी लागत नाही, माणूस आपल्या इच्छेने संडासात जाऊन लघवी करतो.

पिशवी जोडतात ती नेहमीची फॉली नळी प्रोस्टेट आणि स्फिंक्टर दोन्ही पार करून बाहेर येते, म्हणून लघवी सतत पिशवीत गळत राहते. ते दिवस त्रासाचे असतात हे खरं. पण जीव वाचवणारी नळी तीच आहे आणि सुरुवात नेहमी तिच्यापासूनच होते.

कुठले प्रकार आहेत

१९८० मध्ये जर्मनीतल्या फाबियान यांनी स्टीलच्या तारेची गुंडाळी प्रोस्टेटमध्ये बसवली, तेव्हापासून हा मार्ग सुरू झाला. पुढे तारेच्या जाळीचा 'युरोल्यूम' नावाचा कायमचा स्टेंट आला. त्याच्या जाळीतून मांस वाढत गेलं, स्टेंट आत रुतून बसला आणि काढताना फार हाल झाले. तो आता विकला जात नाही. आज भर काढता येणाऱ्या स्टेंटवर आहे तो याच अनुभवामुळे.

'द स्पॅनर' सिलिकॉनचा आहे. जाडी २० फ्रेंच, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर; एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. वरच्या टोकाला ५ मिलीचा फुगा मूत्राशयात टेकतो. खालच्या टोकापासून एक दोरी स्फिंक्टरमधून खाली जाते आणि पलीकडच्या छोट्या नांगराला जोडलेली असते. स्फिंक्टरमध्ये फक्त दोरी असल्यामुळे तो नीट मिटू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००६ मध्ये याला मान्यता दिली. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

'मेमोकाथ' डेन्मार्कचा, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची घट्ट स्प्रिंग, जाडी २२ फ्रेंच. या धातूला आकार लक्षात राहतो. सुमारे ५५ अंश सेल्सिअसचं निर्जंतुक पाणी सोडलं की खालचं टोक घंटेसारखं पसरून जागेवर अडकतं. काढताना ५ ते १० अंशांचं गार पाणी सोडतात, धातू मऊ पडतो आणि चिमट्याने ओढल्यावर स्प्रिंग उलगडत बाहेर येते. हा महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणूनच तो विसरला जाण्याचा धोकाही मोठा.

'आयटिंड'लाही लोक स्टेंट म्हणतात, पण त्याचं काम वेगळं आहे. तीन तारांचा हा पिंजरा ५ ते ७ दिवस आत ठेवतात. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १२, ५ आणि ७ वाजताच्या जागी त्या तारा दाब देऊन खाचा पाडतात. पिंजरा काढल्यावर खाचांमुळे मार्ग रुंद राहतो. म्हणजे तो ऑपरेशनपर्यंत वेळ काढण्यासाठी नाही, तो स्वतःच उपचार आहे. प्रोस्टेटचा मधला भाग फुगून मूत्राशयात शिरलेला असेल तर आयटिंड चालत नाही.

यातला कुठलाच प्रकार प्रत्येक रुग्णालयात तयार ठेवलेला नसतो. त्यामुळे "तुमच्याकडे कुठला स्टेंट बसवतात, आतापर्यंत किती बसवलेत आणि काढायला कोण असेल?" हे तीन प्रश्न सुरुवातीलाच विचारा. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे विचारा.

पहिली पायरी: नळी, मूत्रपिंड, गोळी

लघवी तुंबल्यावर थेट स्टेंट बसवत नाहीत. आधी १४ किंवा १६ फ्रेंचची फॉली नळी. त्यानंतर पहिल्या दिवशी लघवी तासातासाला मोजा. सलग दोन तास, तासाला २०० मिलीपेक्षा जास्त येत राहिली तर मूत्रपिंडं क्षार आणि पाणी बाहेर फेकतायत. अशा वेळी घरी सोडू नये, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम पाहावं लागतं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते खाली येऊन स्थिर होईपर्यंत नळी हलवायची नाही.

सोबत टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम किंवा तशी गोळी सुरू होते. दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. पुष्कळ जणांना तेवढ्यावरच लघवी सुटते आणि स्टेंटचा प्रश्नच मिटतो. ही गोळी पहिले काही दिवस रात्री झोपतानाच घ्या आणि अंथरुणातून एकदम उठू नका, चक्कर येऊन पडणारे बरेच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव आवर्जून सांगा, तिने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो.

सर्दी-पडशाच्या गोळ्याही तपासा. फेनिलएफ्रीन, स्यूडोएफेड्रीन, क्लोरफेनिरामाइन यातलं काही असलं तर लघवी पुन्हा तुंबू शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या एका पाकिटाने सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी पायरी: स्टेंट चालेल का

नळी काढली आणि पुन्हा तुंबली, तर खालच्या तपासण्या हव्यात.

लघवीचा कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात याची तपासणी. जंतुसंसर्ग चालू असताना स्टेंट बसवणं म्हणजे रक्तात जंतू सोडणं. आधी संसर्ग बरा करायचा. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप-थंडी नसेल तर महिनाभर औषधं देत बसायची गरज नसते, स्टेंट बसवण्याआधी कल्चरप्रमाणे मोजका डोस पुरतो.

सोनोग्राफी. ग्रंथी किती मोठी, तिचा मधला भाग मूत्राशयात शिरलाय का, मूत्राशयात खडा किंवा गाठ आहे का, मूत्रपिंडं सुजलीत का, हे सगळं त्यात दिसतं. मधला भाग झडपेसारखा वर आलेला असेल तर स्टेंटच्या तोंडावरच तो आडवा पडतो. खडा असेल तर आधी खडा काढायचा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासणारी रक्तचाचणी, आत्ताच करू नका. लघवी तुंबल्याने आणि नळीने तो आकडा फुगतो, घरात विनाकारण कॅन्सरची भीती शिरते. साधारण सहा आठवडे थांबून करा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेट लहान करणारी गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर आकडा निम्मा दिसतो, हेही लक्षात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मूत्राशयात जोर आहे का? स्टेंट दार उघडतो, पण लघवी ढकलायची मूत्राशयानेच. खूप वर्षांचा मधुमेह, पार्किन्सन, अर्धांगवायू, किंवा लिटरभर लघवी साठूनही दुखलंच नाही, अशांचं मूत्राशय थकलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे यूरोडायनॅमिक तपासणी करून मूत्राशयाचा दाब मोजून घ्या. ती न करता स्टेंट बसवला आणि लघवी झाली नाही की दोष स्टेंटला दिला जातो.

हीच गोष्ट उलटीही वापरता येते. ऑपरेशनने फायदा होईल की नाही याची शंका असेल तर तात्पुरता स्टेंट ही चांगली परीक्षा आहे. स्टेंट असताना लघवी मोकळी झाली आणि रोखताही आली, तर अडथळा प्रोस्टेटचाच होता. मार्ग उघडूनही मूत्राशय रिकामं होत नसेल किंवा लघवी रोखताच येत नसेल, तर ऑपरेशनची घाई करू नये हे आधीच कळतं. आमच्या मते तात्पुरत्या स्टेंटचा हा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

मूत्रमार्ग अरुंद झालेला असेल, लघवीत गुठळ्यांसह रक्त येत असेल, मूत्राशयाचा कॅन्सर असेल किंवा आत काहीतरी आहे हे लक्षात ठेवणं माणसाला जमणार नसेल आणि घरी सांभाळणारं कुणी नसेल, तर स्टेंट नको.

हात चांगले चालतात, डोळ्यांना दिसतं अशा माणसाला आणखी एक रस्ता आहे: दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः १२ किंवा १४ फ्रेंचची पातळ नळी घालून लघवी काढणं. ऐकताना अंगावर काटा येतो, पण दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा हात बसतो. आत काही राहत नाही, विसरण्याजोगं काही नाही. हा पर्याय डॉक्टरांनी सांगितला नसेल तर तुम्ही विचारा.

तिसरी पायरी: मोजमाप

सगळ्या चुकांचं मूळ इथे असतं. मूत्राशयाच्या तोंडापासून स्फिंक्टरपर्यंतचं अंतर मोजायचं. दुर्बिणीतून पाहताना प्रोस्टेटच्या खालच्या भागात ज्वारीच्या दाण्यासारखा एक उंचवटा दिसतो. त्याच्या थोडं खाली स्फिंक्टर. काही स्टेंटसोबत खुणा केलेली मोजपट्टीची नळी येते. तिचा फुगा मूत्राशयात फुगवून हलकेच मागे ओढतात, तो तोंडाशी अडकला की खुणेवरून लांबी कळते.

स्टेंट अर्धा सेंटीमीटर जरी आखूड पडला तरी खालचा वाढलेला भाग त्याच्यापुढे मिटतो आणि लघवी तुंबलेलीच राहते. लांब पडला तर स्फिंक्टर उघडा धरला जातो आणि लघवी सतत गळते. मूत्राशयात जास्त पुढे गेला तर टोक भिंतीला टोचतं, दर पंधरा मिनिटांनी घाई होते, टोकावर क्षार साचतात. मोजणी एकदा नव्हे दोनदा करावी, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

चौथी पायरी: बसवणं

बहुतेक वेळा जेलीची भूल पुरते. २ टक्के लिग्नोकेनची १० ते १५ मिली जेली मूत्रमार्गात सोडून निदान पाच ते दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं घाईत चुकतं आणि मग रुग्ण कळवळतो. जेली घातल्यावर घड्याळ पाहा आणि लगेच सुरुवात होताना दिसली तर "अजून थोडं थांबूया का?" असं विचारायला संकोचू नका. कण्यातली भूल लागत नाही, हा दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना मोठा फायदा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सहसा बंद कराव्या लागत नाहीत. स्वतःहून तर कधीच बंद करू नका.

स्टेंट जागेवर बसल्यावर घरी जायची घाई नको. मूत्राशय भरू द्या, लघवी करून दाखवा, मग सोनोग्राफीने किती शिल्लक राहिली ते पाहा. शिल्लक १०० ते १५० मिलीच्या आत असेल तर उत्तम. तीनशेच्या वर असेल तर लांबी किंवा जागा चुकली, किंवा मूत्राशयात जोर नाही. त्याचा निकाल तिथेच लावायचा.

खिशातलं कार्ड

दवाखान्यातून निघण्याआधी एका जाड कागदावर हे लिहून पाकिटात ठेवा:

"माझ्या प्रोस्टेटमध्ये तात्पुरता स्टेंट आहे. प्रकार: … लांबी: … बसवल्याची तारीख: … काढायची तारीख: … मूत्रमार्गातून नळी किंवा दुर्बीण घालू नये. लघवी तुंबल्यास आधी या यूरोलॉजिस्टना फोन करावा: …"

मागच्या बाजूला हेच इंग्रजीत. छातीत दुखलं म्हणून माणूस दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होतो, तिथे नेहमीप्रमाणे फॉली नळी घालतात आणि नळीचं टोक स्टेंटला मूत्राशयात ढकलून देतं. मग तो काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. एमआरआय करायचा असेल तेव्हाही हेच कार्ड दाखवा, कारण कुठल्या धातूचा स्टेंट आहे यावर तो करायचा की नाही आणि कसा हे ठरतं.

काढायची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्येही टाका, आठवडाभर आधीच्या आठवणीसह.

घरी

पहिले पाच-सात दिवस उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, वारंवार लघवी, गुलाबी छटा, कपड्यांवर थोडे थेंब हे अपेक्षित आहे. बैठकीच्या जागी दडपण वाटतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी, त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. चहा दोन कपांवर आणा. शौचाला कुंथू नका; रोज रात्री इसबगोल घ्या, कारण भरलेलं आतडं मागून प्रोस्टेटवर दाब देतं. स्टेंट असेपर्यंत सायकल आणि खड्ड्यांतला स्कूटरचा प्रवास टाळा. शरीरसंबंधांबद्दल तुमच्या स्टेंटच्या प्रकाराप्रमाणे डॉक्टरांना विचारा, लाजू नका.

लघवीच्या जागी दोरा दिसला तर तो ओढू नका आणि कापूही नका. काही स्टेंटमध्ये काढायचा दोरा तोच असतो.

एका वहीत तीन दिवस वेळ आणि मिली लिहा. मोजायला खुणांचा प्लॅस्टिकचा मग घ्या. "बरी होते" यापेक्षा "सकाळी ६ला २५० मिली, ९ला १८० मिली" हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

काय बिघडतं

सरकणं सर्वांत नेहमीचं. वर सरकला तर अचानक घाई वाढते किंवा लघवी तुंबते. खाली सरकला तर गळू लागते. काल रोखता येत होती आणि आज येत नाही, तर स्टेंट हलला असं समजून त्याच दिवशी दाखवा. धातूचा असेल तर साध्या एक्स-रेत जागा कळते.

क्षार साचणं हळूहळू होतं. लघवीतले काही जंतू ती अल्कधर्मी करतात आणि स्टेंटवर खड्यासारखा थर बसतो. धार बारीक होत जाते, वास येतो, वरचेवर संसर्ग होतो. असा स्टेंट ओढून निघत नाही, आधी लेझरने थर फोडावा लागतो.

३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आणि हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दाखल करा. मधुमेही आणि वृद्ध माणसात हा संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो.

लघवी पूर्ण तुंबली आणि पोट फुगलं, तर स्थानिक दवाखान्यात जाऊन कार्ड दाखवा. सुरक्षित मार्ग म्हणजे सोनोग्राफीत पाहून ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालणं.

काढण्याचा दिवस

३० दिवसांचा स्टेंट ३० दिवसांतच निघाला पाहिजे. हृदयाच्या गोळ्यांसाठी सहा महिने काढायचे असतील तर तो दर महिन्याला बदलायचा किंवा सुरुवातीलाच जास्त मुदतीचा निवडायचा. "त्रास नाही ना, मग राहू द्या" हे वाक्य या विषयात सर्वांत महाग पडतं.

सिलिकॉनचा स्टेंट जेली घालून दोऱ्याने काढतात: दोरा ओढला की आधी फुगा रिकामा होतो, मग सावकाश, एकसारख्या ओढीने स्टेंट बाहेर येतो. अडला तर जोर न लावता दुर्बिणीने पाहतात. स्प्रिंगचा स्टेंट गार पाण्याने मऊ करून. काढल्यावर लघवी करून शिल्लक पुन्हा मोजा. ऑपरेशन अजून दूर असेल तर टॅमसुलोसिन चालू ठेवा आणि पुन्हा तुंबली तर काय करायचं हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. निघालेला स्टेंट डॉक्टरांकडून पाहून घ्या: तो अख्खा आहे का, फुगा शाबूत आहे का, टोकावर पांढरा थर आहे का. ते डिस्चार्ज कार्डावर तारखेसह लिहून घ्या आणि पाकिटातलं जुनं कार्ड फाडून टाका.